चिंधी लिवायची राहिली

खोबऱ्याच्या तेलावर गॅसबत्ती पेटत नाही, असं आबांचं म्हणणं पडलं आणि गोष्ट तिथंच अडली.

आषाढातला रविवार. सकाळपासून पाऊस धरलेला, लाईट गेलेली, टीव्ही गप्प, म्हणून तर आबा, माझे वडील, माझ्या तावडीत सापडले. वय ८२. कान खणखणीत, डोळे मात्र ऑपरेशन करूनही रुसलेलेच. त्यामुळं पेपर मी वाचून दाखवतो, आणि पेपर संपला की अधूनमधून एखादी गोष्ट खपवतो. त्या दिवशी हिंदीतल्या फणीश्वरनाथ रेणूची ‘पंचलाइट’ ही कथा काढली होती. डोळ्यानं हिंदी वाचायचं आणि तोंडानं कोल्हापुरी बोलायचं, असा आमचा कारभार.

गोष्ट थोडक्यात सांगतो. बिहारातल्या एका गावात आठ पंचायती. प्रत्येक जातीची वेगळी, प्रत्येकीची स्वतःची सतरंजी, स्वतःचं जाजम, स्वतःची पेट्रोमॅक्स, म्हणजे आपली गॅसबत्ती. महतो टोळीकडं तेवढी पेट्रोमॅक्स नाही. मग दंडाचे पैसे पंधरा महिने साठवून ते रामनवमीच्या जत्रेतनं बत्ती घेऊन येतात. पंचांची लाईट म्हणून तिचं नाव पंचलाइट. पूजेची तयारी होते, कीर्तनाला माणसं जमतात, बायकापोरं दाटीवाटीनं बसतात, आणि ऐनवेळी लक्षात येतं की ही पेटवायची कशी ते टोळीत कुणालाच ठाऊक नाही. दुसऱ्या टोळीतल्या माणसाला बोलवायचं तर अब्रू जाते. आपल्यातल्या एकालाच ती विद्या येते, गोधनला. पण तो मुनरीकडं बघून सिनेमातलं गाणं म्हणतो म्हणून ह्याच पंचांनी त्याचं हुक्कापाणी बंद केलेलं. शेवटी अब्रू जड ठरते, गोधनला बोलावणं जातं. तो येऊन बघतो तर स्पिरिट नाही. सगळ्यांची तोंडं पडतात. मग गोधन म्हणतो, थोडं खोबऱ्याचं तेल आणा.

“थांब,” आबा म्हणाले. “कशाचं तेल?”

“खोबऱ्याचं.”

“आन् पेटली?”

“पेटली की. पंच म्हणाले, तुला सात खून माफ. आता म्हण सिनेमाची गाणी.”

“खोटं हाय,” आबा म्हणाले. “लिवणाऱ्यानं कवा बत्ती पेटवल्याली न्हाई.”

आता यावर मी काय बोलणार? मी हिंदीचा बीए. आणि आबा म्हणजे पंचाहत्तर-ऐंशीच्या काळात आमच्या गावात ज्यांच्याकडं स्वतःच्या दोन गॅसबत्त्या होत्या ते गृहस्थ. कुंभीच्या काठचं आमचं गाव. लाईट आलेली होती, पण वळवाचा पाऊस आला की आधी ती जायची. लग्नाची वरात, भजन, नाटकाची तालीम, काहीही असलं की आबांच्या बत्त्या. लहानपणी मी त्यांच्यामागं स्पिरिटची बाटली धरून हिंडायचो. जाळी बांधायची, टाकीत रॉकेल भरायचं, वाटीत स्पिरिट ओतून काडी लावायची, नळी तापली की पंप मारायचा, मग हळू चावी फिरवायची. भक्कन पिवळा जाळ यायचा, जाळी फुगायची आणि बघता बघता पांढरी व्हायची. त्या पांढऱ्या उजेडात सगळ्यांचे चेहरे वेगळेच दिसायचे. एकदा पेटलेल्या जाळीला बोट लावलं की तिची राख. मी एकदा लावलं होतं. पुढचं सांगत नाही.

रेणू माझ्याकडं आला कॉलेजात. शिवाजी विद्यापीठाचा अभ्यासक्रम, तिसऱ्या वर्षाला हिंदी कादंबरी, रेणूची ‘मैला आँचल’. एकेरीत लिहितोय, कारण जवळचा आहे. त्या आधी आम्हाला प्रेमचंद होते. प्रेमचंदांबद्दल मला काडीची तक्रार नाही, ‘गोदान’मधला होरी मेला तेव्हा मी हॉस्टेलवर जेवलो नव्हतो. पण प्रेमचंद वाचताना कायम वाटायचं की कुणीतरी मोठं, शहाणं माणूस गावाची हकिकत आपल्याला समजावून सांगतंय. रेणू समजावत नाही. तो पारावर बसलाय, पाठीमागं चार माणसं बोलतायत, एक बैल घुंगरं वाजवतोय, लांब ढोलक चालू आहे, आणि हा सगळं एका दमात कानात साठवतोय. पहिली पन्नास पानं मला काही कळलं नव्हतं. कोण कोणाचा कोण, कुठली टोळी, कशावरून भांडण. नवीन सुनेला पहिल्या आठवड्यात सासरचं गाव असंच दिसत असणार.

पुढं मास्तर व्हायचं होतं. एका संस्थेत जागा निघाली, तिचा भाव सांगितला गेला, आबांनी रानाकडं बघितलं, मी आबांकडं बघितलं आणि विषय मिटला. तेव्हापासून शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या टाइम ऑफिसला आहे. हजेरी, ओव्हरटाइम, पीएफचे फॉर्म. तीस वर्षं होत आली. हिंदीचा उपयोग नाही झाला असं मात्र म्हणता येणार नाही. मोल्डिंगला, फेटलिंगला आता निम्म्याहून जास्त पोरं उत्तरेकडची. त्यांचं मराठी आणि सुपरवायझरचं हिंदी ऐकलं की दुभाषी लागतोच.

‘मैला आँचल’ आली १९५४ साली. आधी पाटण्यात छापली, मग राजकमलनं घेतली. पुढच्याच वर्षी, १९५५ ला, आपल्याकडं माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आली. दोघांनी एकमेकांचं काही वाचलेलं असायचं कारण नाही, पण तिकडं एक तरुण डॉक्टर गावात येतो आणि इकडं एक तरुण मास्तर. स्वातंत्र्य नुकतं मिळालेल्या देशात गावाकडं काय पाठवायचं, तर औषध आणि अक्षर. माडगूळकरांचा मास्तर कमी बोलतो, वाडी त्याच्याहून कमी. रेणूच्या कादंबरीतलं गाव, मेरीगंज, मात्र एक क्षण गप्प बसत नाही.

सुरुवातच बघा. मलेरिया सेंटरसाठी जागा बघायला बोर्डाची माणसं येतात आणि गावाला वाटतं, मिलिटरी आली! बेचाळीसच्या धरपकडीची आठवण ताजी, त्यामुळं पळापळ. मिलिटरीचं तिथं ‘मलेटरी’ झालेलं आहे. डॉक्टर म्हणजे ‘डागडर’, गांधी म्हणजे ‘गन्ही महातमा’, आणि इन्किलाब जिंदाबादचं ‘इनकिलास जिन्दाबाघ’. पहिल्यांदा वाचताना हसू येतं. मग हळूहळू लक्षात येतं की हा विनोदासाठी केलेला खेळ नव्हे. नवी गोष्ट गावात येते ती आधी शब्द म्हणून येते, आणि गाव तो शब्द आपल्या जिभेनं चावून, मऊ करून मगच गिळतं. जिंदाबादचा वाघ झाला की घोषणा आपली झाली.

आमच्याकडं काय वेगळं झालं? इंजेक्शनचं विंजेक्शान झालं. सोसायटीची सुसायटी झाली, तिथं कर्ज ‘निघतं’ आणि ‘थकतं’. नदीवर डिझेलचं इंजान आलं. हायब्रीड ज्वारी आली, तिची भाकरी कुणाला गोड लागली नाही, पण शब्द राहिला. आजी मरेपर्यंत आम्हा नातवंडांना हायब्रेट म्हणायची. दूध संस्थेत फॅट लागायला लागली. “तुमची फॅट किती?” हा प्रश्न आमच्या गल्लीत बायका एकमेकींना बिनदिक्कत विचारतात आणि कुणाला राग येत नाही, कारण ती म्हशीची असते. दुधावर पैसा मिळायला लागला तसा तो घरात बायकांच्या हाताला लागला. नंतर त्याच बिलातनं बचत गटाचा हप्ता, पोरीची फी, मिक्सर. हे कुणी भाषण ठोकून आणलेलं नाही. फॅट या एका शब्दाच्या पाठीवर बसून ते आलं. रेणू असता तर त्यानं संस्थेच्या दारात सकाळी साडेसहाला, किटल्यांच्या रांगेत उभं राहून अख्खं प्रकरण लिहिलं असतं.

रेणूची दुसरी कादंबरी ‘परती परिकथा’ १९५७ ची. ती मला ‘मैला आँचल’इतकी आवडत नाही हे कबूल करतो, नायक जरा जास्तच शहाणा आहे. पण त्यातला जमिनीचा सर्व्हे वाचावा. मोजणी आली रे आली की बाप-लेक, भाऊ-भाऊ एकमेकांवर दावे लावतात. ज्यानं चार दिवसांपूर्वी शेजाऱ्याच्या मयताला खांदा दिला तो आता त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभा. त्याच १९५७ च्या एक एप्रिलला आपल्याकडं कृषक दिन झाला, कसणारं कूळ कायद्यानं मालक मानलं गेलं. आमच्या आज्याला दोन एकर त्यातच मिळालं. आजा त्या रानाला मरेपर्यंत जुन्या मालकाच्याच नावानं हाक मारायचा. सातबारा बदलला, जीभ काही बदलली नाही. आणि ते दोन एकर मिळाल्यावर पहिलं काय झालं असेल, तर आज्याचं आणि त्याच्या सख्ख्या भावाचं बांधावरनं वाजलं. मालक होता तेव्हा दोघांचा शत्रू एकच होता.

रेणूची ‘तीसरी कसम’ ही कथा सगळ्यांना सिनेमामुळं माहीत असते. १९६६ चा, शैलेंद्रनं काढलेला, राज कपूर गाडीवान. आबांनी तो कोल्हापुरात थेटरात बघितलाय. बरीच वर्षं मी त्यांना कसा वाटला म्हणून विचारत होतो. “बैलं चांगली हुती,” एवढंच. आईला मात्र रेणूचीच ‘लाल पान की बेगम’ ही कथा आवडली होती. नाच बघायला बैलगाडीतनं जायचं म्हणून सकाळपासून वाट बघणारी, आणि गाडी येईना म्हणून सगळ्या घरावर पेटलेली बिरजूची आई. मी शेवट सांगितला, गाडी निघते, आणि गोष्ट वाटेतच संपते, नाच काही दिसत नाही. मला वाटलं आई नाराज होईल. ती म्हणाली, “निघाली न्हवं? बास झालं की.” समीक्षकांनी त्या कथेवर भरपूर लिहिलेलं आहे. आईच्या पुढं कुणी गेलेलं मला दिसलं नाही.

आता तो अररियाचा पोरगा.

लॉकडाऊननंतर नवीन भरती झाली तेव्हा माझ्या टेबलासमोर एक चोवीस वर्षांचा पोरगा उभा. फॉर्म मी भरत होतो. गाव नरपतगंजजवळ, जिल्हा अररिया. माझं पेन थांबलं. रेणूचं गाव औराही हिंगना, तेव्हाचा पूर्णिया जिल्हा, आता अररिया. सिमराहा स्टेशनापासून जवळ. गेली तीस वर्षं पुस्तकात बघितलेला मुलूख समोर सेफ्टी शूजचा नंबर सांगत उभा होता.

“रेणु जी के इलाके के हो?” मी म्हटलं. आवाजात जरा जास्तच भाव आला असणार, कारण तो दचकला.

“रेणु? वो तो इंजीनियरिंग कॉलेज है, सर.”

त्याची चूक नव्हती. अररियात रेणूच्या नावाचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे खरंच. त्याच्या मामाच्या पोराला तिथं ॲडमिशन मिळाली नव्हती, त्यामुळं त्याचा त्या नावावर थोडा रागही होता.

मी त्याला ओव्हरटाइमच्या वेळी, चहाला, तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. तुमचा हा माणूस १९२१ चा. शेतकऱ्याच्या घरातला. शिकायला नेपाळात विराटनगरला, कोइरालांच्या घरी. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेला. १९५० ला नेपाळच्या राणाशाहीविरुद्ध लढायला गेला. क्षयानं पार झिजला, पाटण्याच्या दवाखान्यात शुश्रूषा करणाऱ्या लतिकाजी पुढं त्याच्या संसारात आल्या. १९७२ ला विधानसभेला अपक्ष उभा राहिला आणि पडला. १९७० ला पद्मश्री मिळाली होती, ती चौऱ्याहत्तरच्या, जयप्रकाशांच्या आंदोलनात त्यानं परत केली. राष्ट्रपतींना पत्र लिहून म्हणाला, ही आता माझ्यासाठी ‘पापश्री’ आहे. आणीबाणी उठली आणि महिनाभरात, ११ एप्रिल १९७७ ला, गेला.

पोरगा सगळं ऐकून म्हणाला, “इलेक्शन में कितने वोट से हारे?” बिहारचं पोरगं आहे याची खात्री पटली.

२०२१ च्या जुलैत पंचगंगा वर आली. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे आकडे कोल्हापुरात शेंबड्या पोराला पाठ. २०१९ ला ती ५५ च्याही वर गेली होती, तेव्हापासून पाऊस लागला की माणसं फूट मोजत झोपतात. शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, गाड्या बंद झाल्या, आम्ही काही जण कंपनीतच अडकलो. रात्री शेडच्या दारात उभं राहून पाण्याकडं बघत होतो. मी मोठ्या माहितगारासारखं त्याला प्रयाग चिखलीपासनं नद्या समजावून सांगायला लागलो. तो शांतपणे म्हणाला, “सर, आपकी नदी अच्छी है. जिस रास्ते से आई, उसी रास्ते से लौट जाएगी.”

मग तो बोलला. २००८ च्या १८ ऑगस्टला नेपाळात कुसहाला कोसीचा बांध फुटला तेव्हा तो अकरा वर्षांचा. नदी आपलं पात्र सोडून भलत्याच वाटेनं, जिथं पिढ्यान्‌पिढ्या नदी नव्हती तिथनं चालत आली. पाणी महिन्यांनी गेलं, बालू राहिली. रानात गुडघ्याएवढी वाळू. बापानं पहिल्या वर्षी ती पाट्यांनी उपसली, दुसऱ्या वर्षी पंजाबची गाडी धरली. कोसी अशीच आहे, दोन-अडीचशे वर्षांत शंभर किलोमीटरहून जास्त पश्चिमेला सरकलेली; रेणूच्या ‘परती’तली नापीक जमीन तिनंच मागं टाकलेली. मी ते पुस्तकात वाचलं होतं. हा त्या वाळूत खेळला होता. “वहाँ भी बालू, यहाँ भी बालू,” असं म्हणून त्यानं हात पुढं केला. दिवसभर साच्यात वाळू ठोकून नखांच्या कडा काळ्या झालेल्या. “फरक इतना है कि यहाँ की बालू का पैसा मिलता है.”

त्या रात्री त्याला मी बावनदासची गोष्ट सांगितली. ‘मैला आँचल’मधला तो ठेंगणा गांधीवादी. स्वातंत्र्य आलं, आपलेच लोक खुर्च्यांवर बसले, आणि सरहद्दीवरनं काळ्या बाजाराच्या मालाच्या गाड्या निघाल्या. बावनदास रात्री एकटा त्या गाड्यांपुढं उभा राहतो. गाड्या थांबत नाहीत. मागं त्याची झोळी झाडाला लटकलेली राहते, आणि काही दिवसांनी एक बाई तिथं नवसाची चिंधी बांधते. तिला वाटतं, कुणी पीर आहे.

पोरगा बराच वेळ गप्प होता. “हमारे गाँव में भी है ऐसा पेड़,” म्हणाला. “किसका है, पता नहीं.”

पुस्तक त्याला दिलं होतं. छठच्या सणाला गावी जाताना घेऊन गेला, पुण्याहून दानापूरच्या गाडीत वाचतो म्हणाला. दोन महिन्यांनी आला तर पुस्तक नाही. काकानं ठेवून घेतलं. काका वाचतो का म्हणून विचारलं, तर म्हणाला, वाचतो आणि चिडतो. म्हणतो, हे आमच्यासारखं बोलणं लिहिलंय त्यात निम्मं चुकलंय, पूर्णियाचे लोक असंच बोलतात, आम्ही नाही. दोन गावांमध्ये अंतर किती, तर सायकलनं जाता येईल इतकं! ‘आंचलिक’ म्हणून रेणूला ज्यांनी एका कप्प्यात टाकलं (आणि तो शब्द त्यानं स्वतःच आपल्या कादंबरीवर मारून घेतला होता, हेही खरं) त्यांनी त्या काकाला भेटावं. आपल्याकडं शंकर पाटलांच्या कथेतलं बोलणं वाचून कागलचा माणूस हातकणंगल्याच्या माणसाशी असाच भांडेल. मी दुसरी प्रत विकत घेतली.

तर त्या रविवारी, खोबऱ्याचं तेल.

आबा उठले. “माळ्यावरनं काढ ती,” म्हणाले. दोन बत्त्यांपैकी एक कधीच भंगारात गेली, एक राहिलीय. पोत्यात गुंडाळलेली, काचेला कोळिष्टकं, टाकीचं पितळ हिरवं पडलेलं. मी चिंचेनं घासायला घेतली तर ओरडले, “भांडी घासाय काढल्याती व्हय?” त्यांना पंप बघायचा होता. दांडा ओढला तर हवा धरेना. आतला चामड्याचा वायसर वाळून खारीक झालेला. आबांनी आईकडनं खोबरेल मागवलं, वायसरला चोळलं, चोळत बसले. अर्धा तास. “ह्या कामाला असतंय ह्ये त्याल,” मला सुनावून झालं. रॉकेल आता रेशनवर कुठलं? पण आबांच्या गोठ्यात, जुन्या कॅनमध्ये, अर्धा-पाऊण लिटर निघालं. जाळी निघाली त्यांच्या ट्रंकेत, सातबाराच्या उताऱ्यांखाली, कागदी पाकिटात.

वाटीत खोबरेल ओतलं. काडी लावली, विझली. दुसरी लावली, विझली. तेल आपलं शांत, देवळातल्या तेलासारखं. आबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. चौथ्या काडीला मीसुद्धा मान्य केलं की रेणू चुकला.

आबा मात्र वाटीकडं बघत राहिले. मग धोतराच्या जुन्या फडक्याची एक चिंधी फाडली, पीळ घातला, तेलात बुडवून नळीभोवती वाटीत फिरवून बसवली आणि टोक वर काढून काडी लावली. पेटली. धूर म्हणजे धूर झाला, काच काळी, सोप्यात जळकं खोबरं वासलं. पण नळी तापली. आबांनी पंप मारला, आधी सावकाश, मग जोरात, ८२ व्या वर्षी. चावी फिरवली. भसकन जाळ वर आला, मी मागं सरलो, आबा नाही सरले. जाळी फुगली, लाल झाली, पिवळी झाली आणि त्या सूं आवाजासकट पांढरी झाली.

“चिंधी घातली असणार त्या पोरानं,” आबा म्हणाले. “लिवणाऱ्यानं चिंधी लिवायची राहिली.”

मी नंतर कथा परत चाळली. चिंधीचा उल्लेख मला तरी सापडला नाही.

बत्ती मधे ठेवून आम्ही बसलो. पाऊस चालूच होता. आई भाकरी थापत होती. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग एकदम म्हणाले, “सात खून माफ केलं म्हण की.”

“व्हय.”

“गोष्ट हाय म्हणून केलं.”

आणि त्यांनी सांगितलं, जे मला अर्धवटच ठाऊक होतं. मी सात वर्षांचा असेन. सुसायटीचं इलेक्शन. आमची सगळी भावकी एका पॅनेलला, आणि आबांनी सूचक म्हणून सही केली दुसऱ्याच्या फॉर्मवर. तो माणूस त्यांच्या वर्गातला, एवढंच कारण. दुसऱ्या दिवसापासून गल्लीनं बोलणं टाकलं. पंच नाहीत, दंड नाही, ठराव नाही. नुसती हाळी बंद. पैरा, म्हणजे एकमेकांच्या रानात कामाला जाणं, बंद. मला आठवतं ते एवढंच, की त्या वर्षी रोप लावणीला आमच्या रानात आई, आबा आणि आजी अशी तिघंच वाकलेली होती, आणि शेजारच्या रानात वीस-पंचवीस माणसं गाणी म्हणत होती. आपण का गात नाही, असं मी तेव्हा आजीला विचारलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात आबांच्या चुलतभावाच्या पोरीचं लग्न. आम्हाला अक्षत नाही. संध्याकाळी वळीव आला, मांडव अर्धा उडाला, लाईट गेली, वऱ्हाड दारात. नऊच्या सुमाराला चुलता स्वतः आला. उंबऱ्याच्या आत आला नाही. बाहेरूनच म्हणाला, बत्त्या पायजेत.

“तुम्ही दिल्या?”

“दिल्या म्हंजे? न्हेऊन लावल्या. रातभर हुतो. दोनदा जाळी बदलली.”

“मग बोलाय लागले?”

आबांनी बत्तीची चावी जरा कमी केली.

“सकाळी बत्त्या उचलाय गेलो. त्येनं खिशात हात घातला आन् इचारलं, किती झालं?”

आईचा भाकरीवरचा हात थांबला होता. भावकीत बत्तीचं भाडं कुणी विचारत नसतं. आबा परक्या वरातीकडनं पैसे घ्यायचे, भावकीकडनं नारळ.

“तुम्ही काय म्हणाला?”

“धा रुपय.”

“घेतले?”

“घेतलं की. लक्ष्मीपुरीत जाऊन जाळ्या आणल्या त्येच्या.”

मी बत्तीकडं बघितलं. ट्रंकेतलं ते पाकीट, पिवळं पडलेलं. “म्हणजे ही त्यातलीच?”

“याड लागलं काय तुला?” आबा म्हणाले. “त्या कवाच जळल्या.”

तेवढ्यात लाईट आली. टीव्ही आपोआप सुरू झाला, मोठ्यानं. कुणीतरी बाई कुणाच्या तरी थोबाडीत मारत होती. ट्यूबखाली बत्तीचा उजेड एकदम केविलवाणा दिसायला लागला.

“बंद कर ती,” आबा म्हणाले. “रॉकेल जळतंय. आन् जाळीला हात लावू नगंस.”